डोंगरात किलोमीटर मोजू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही आणि तुमची मैत्रीण, दोघी सोलापूरच्या, दोघी शाळेत शिकवता. रोज पहाटे तीस-चाळीस किलोमीटर सायकल मारता, मध्यंतरी एका दिवसात पंढरपूरला जाऊन परत आलात. आता मनाली ते लेह करायचं आहे, आणि ते जमलं तर पुढे किर्गिझस्तान-ताजिकिस्तानातला पामीर महामार्ग. सपाट, उष्ण मुलखात वाढलेल्या माणसाला हे झेपेल का? त्रास कसला होतो? आणि एवढं सोसून हाती काय लागतं? घरचे म्हणतात, हौसच असेल तर मोटरसायकलवर जा.

झेपेल. मीही सोलापूरचीच. हिमालयात आणि मध्य आशियात मी बरेच उन्हाळे सामान लादून सायकल चालवली आहे, आणि आपल्याकडच्या माणसाला डोंगर झेपत नाही असं मला कधी दिसलं नाही. उलट उन्हाची, वाऱ्याची आणि कोरड्या रस्त्याची सवय आपल्याला आयती असते. पण तुम्ही पाठवलेल्या आराखड्यात एक गोष्ट लगेच खटकली. त्यात सगळीकडे अंतर लिहिलं आहे, उंची कुठेच नाही. ‘रोहतांगवरून पावणेपाचशे किलोमीटर, रोज ऐंशी धरले तर सहा दिवस’ हा हिशोब विजापूर रस्त्याचा आहे. तो डोंगरात नेलात तर तिसऱ्या दिवशी तुमचं डोकं ठणकू लागेल आणि पाचव्या दिवशी तुम्ही कुणाच्या तरी ट्रकमध्ये असाल.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे कळसूबाईचं शिखर, १,६४६ मीटर. मनालीचा बाजार त्याच्याही चारशे मीटर वर आहे, आणि तुमची सायकल तिथून चढायला सुरुवात करणार. पुढे रोहतांग खिंड ३,९७८, बारालाचा ला (तिकडे ‘ला’ म्हणजे खिंड) सुमारे ४,८९०, मग नकी ला, मग पाच हजारांच्या किंचित वर लाचुलुंग ला, आणि शेवटी तंगलंग ला ५,३२८ मीटर. मधल्या उतारांवर कमावलेली उंची घालवायची आणि पुन्हा चढायची. तंगलंग लावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. पाय तेच, सायकल तीच, पण प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू अर्धा.

आता वजनाचं बघा. तुम्ही साठ-सत्तर किलो, सायकल पंधरा, सामान वीस, म्हणजे ढोबळमानाने शंभर किलो. एवढं वजन एक हजार मीटर उंच नेण्यासाठी शरीराला हजार कॅलरींच्या आसपास जाळाव्या लागतात. ही फक्त उचलण्याची किंमत. रस्त्याचं घर्षण, वारा, थंडी यांचं वेगळं. म्हणजे एक किलो जास्तीचं सामान दर हजार मीटर चढाला दहा कॅलरी मागतं. आकडा लहान वाटतो, पण दिवसभरात ते गुडघ्याला कळतं. पुढे २६ दात्यांची चकती आणि मागे ३४ दात्यांची, अशा हलक्या गिअरवर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.६ मीटर पुढे सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी पावणेसहा किलोमीटर. विरळ हवेत साठ फेरे टिकत नाहीत. म्हणून खिंडीच्या शेवटच्या पट्ट्यात ताशी चार हा चांगला वेग समजा. अठरा किलोमीटरचा चढ म्हणजे साडेचार तास, थांबणं-खाणं धरून सहा. पंढरपूरला जाऊन यायला लागला तेवढा वेळ एकाच चढाला जाऊ शकतो, आणि त्यात काहीही बिनसलेलं नसतं.

म्हणून डोंगरात दिवस आखताना तीन गोष्टी लिहायच्या: आज किती मीटर चढायचं, रात्री किती उंचीवर झोपायचं, आणि वाटेत पाणी कुठे आहे. अंतर सगळ्यात शेवटी.

झोपायच्या उंचीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण जीव जातो तो इथे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक दिवस विश्रांती, हा डॉक्टर मंडळींचा मान्य नियम आहे. दिवसा खिंड ओलांडायला हरकत नाही; प्रश्न रात्रीचा आहे. मनाली-लेहच्या वाटेवर नेमकी इथेच गडबड होते. जिस्पा साधारण ३,२०० मीटरवर, आणि बहुतेक जण तिथून थेट सरचूला मुक्कामाला जातात, जे ४,२९० मीटरवर आहे. एका दिवसात अकराशे मीटर. सरचूच्या तंबूंमध्ये रात्रभर उलट्या करणारी, डोकं धरून बसलेली माणसं दर मोसमात दिसतात, त्यातली बरीचशी गाडीने आलेली असतात. तुम्ही जिस्पाला दोन रात्री काढा, तिसरी पत्सेओच्या आसपास, चौथी झिंगझिंगबारला, मग बारालाचा ओलांडून सरचू. सरचूच्या पुढे पांगपर्यंत पुन्हा सगळे मुक्काम साडेचार हजारांच्या आसपासचेच, त्यामुळे शरीराची तयारी इथे झालीच पाहिजे.

साधी डोकेदुखी, भूक मरणं, झोप न लागणं हे जवळपास सगळ्यांना होतं. तेव्हा आणखी वर जायचं नाही, एवढं पाळलं तर बहुधा एका दिवसात उतार पडतो. पण बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेसाळ किंवा गुलाबी थुंकी येणं, सरळ रेषेत चालता न येणं, बोलण्यात गोंधळ होणं, यांतलं एकही लक्षण दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. रात्र असो, पाऊस असो, मिळेल त्या वाहनाने खाली. फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साठण्याची ती लक्षणं आहेत आणि खाली उतरणं हाच त्यावरचा मुख्य उपाय आहे. अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या उपयोगी पडतात, पण आधी आपल्या डॉक्टरांना विचारून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते मुद्दाम सांगा. आणि दोघींत आधीच ठरवून ठेवा: एक म्हणाली ‘खाली’, तर दुसरीने वाद घालायचा नाही. त्या उंचीवर आपला मेंदू नीट चालत नाही हे ज्याला त्याला कळत नाही, शेजारच्याला कळतं.

मोटरसायकलबद्दल घरच्यांना हेच सांगा. मोटरसायकलवाले मनाली-लेह दोन-तीन दिवसांत उरकतात, म्हणून त्यांना उंची जास्त लागते. सायकलवर तोच रस्ता नऊ-दहा दिवसांचा होतो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. या एका बाबतीत संथ वाहन जास्त सुरक्षित आहे, आणि माझं म्हणणं हवेतलं नाही, ते सरचूच्या तंबूंत बघायला मिळतं.

तयारी सोलापुरात कशी करायची, हा तुमचा रास्त प्रश्न. आपल्याला जवळचा चढ म्हणजे तुळजापूरचा घाट. लहान आहे, पण आहे. हिप्परग्याच्या तळ्यावरून पुढे जायचं, घाट चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. रिकाम्या सायकलवर चढून काही उपयोग नाही. दोन्ही बाजूच्या पॅनिअर बॅगांत पाण्याच्या बाटल्या भरून पंधरा किलो करा. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. रात्रभर चालतात, पण घाटात त्यांचा वेग बदलत नाही, श्वास तुटत नाही, बोलणं थांबत नाही. चढावर तुमची चाल तशी हवी. शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर गिअर आणखी हलका करा किंवा वेग कमी करा.

दुसरा सराव वाऱ्याचा. मंगळवेढ्याच्या बाजूला जून-जुलैत जो पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, त्यात हलक्या गिअरवर तीन-चार तास काढा. पायांवर न थांबणारा दाब, वेग कमी, मन वैतागलेलं: मोठ्या चढाची ही सगळ्यात जवळची तालीम आहे. सुट्टी मिळाली की वाईला जाऊन पसरणी घाट चढा. वाई ते पाचगणी साधारण पावणेसहाशे मीटरचा सलग चढ मिळतो. एका दिवसात तो दोनदा झाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, तर पायांची काळजी मिटली. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, केल्यात तर चांगलंच. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत. खोगिरावर दिवस काढायची सवय त्यातून लागते. मात्र ब्रेव्हेतली घड्याळाची घाई डोंगरात नेऊ नका. आणि विरळ हवेची तयारी सोलापुरात होत नाही. कुठलाही मास्क, कुठलाही प्राणायाम त्याला पर्याय नाही. ती तिथेच, हळूहळू वर जाऊन होते.

सायकलीवर मी फार लिहीत नाही, कारण सगळे त्यावरच बोलतात. पोलादी किंवा मजबूत अ‍ॅल्युमिनियमची चौकट, दोन इंचाच्या आसपासचे टायर, मागच्या चाकाला शक्यतो ३६ स्पोक. गिअर मात्र खरोखर हलका घ्या. दुकानदार सांगेल, एवढा कशाला, सोलापुरात लागत नाही. त्याचं सोलापुरापुरतं बरोबर आहे. हलका गिअर हा कमीपणा समजायची वृत्ती जुनी आहे. टूर द फ्रान्समध्ये तर १९३७पर्यंत डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी गिअरची यंत्रणा, वापरायला परवानगीच नव्हती. आपल्याला शर्यत जिंकायची नाही, गुडघे शाबूत ठेवून घरी यायचं आहे. उतरून ढकलत नेणं हाही डोंगरातल्या सायकलिंगचा भाग आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मागच्या चाकाचा स्पोक चेनच्या बाजूचाच तुटतो, आणि तो बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, काढावी लागते. ते काम आणि चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढणं, ही दोन कामं जायच्या आधी आपल्या मेकॅनिककडे चार रविवार बसून स्वतःच्या हाताने शिका. पंक्चर तर येत असेलच. सोबत स्पोक, चेनची जोडकडी, मागचा गिअर ज्यावर बसतो तो हँगर, ब्रेकचे दोन-दोन जोड पॅड. दार्चा ते रुमत्से या पट्ट्यात कायम वस्तीचं एकही गाव नाही, फक्त हंगामी तंबू. तांदीच्या पेट्रोल पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ असा फलक वर्षानुवर्षं होता, त्यावरून अंदाज करा. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, दाबा, सोडा. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, डिस्क असेल तर पॅड जळतात. दर काही किलोमीटरवर थांबायचं, तेवढ्यात बोटंही मोकळी होतात.

खाण्याच्या बाबतीत मात्र आपण सोलापूरकर नशीबवान आहोत. शेंगाची पोळी पंधरा दिवस सहज टिकते, गूळ आणि शेंगदाणे दोन्ही एकात, आणि थंडीत दगड होत नाही. कडक भाकरी त्याहून जास्त टिकते, वजनाला काहीच नाही. शेंगाची चटणी ही माझ्या बॅगेतली सगळ्यात कामाची वस्तू. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, आणि तिखट-मिठामुळे मेलेली भूक जागी होते. उंचीवर अन्न समोर असून घशाखाली उतरत नाही, तेव्हा ओळखीची चव किती मोलाची असते ते तिथे कळतं. सरचूला पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे साध्या पातेल्यात डाळ शिजत नाही. तंबूवाले कुकर लावतात. तुम्ही पोहे, सातूचं पीठ, शेवया असलं काही ठेवा. पाणी चार-पाच लिटर रोज. घाम जागच्या जागी वाळतो, तहान जाणवत नाही, आणि शरीर आतून सुकत जातं. लघवीचा रंग बघत राहा.

हवेबद्दल एकच: पहाटे निघा. दुपारनंतर दरीतून वारा सुटतो आणि तो बहुधा तोंडावर येतो. शिवाय रस्त्यावरून वाहणारे नाले सकाळी घोट्याएवढे असतात, बर्फ वितळून दुपारी तेच मांडीपर्यंत चढतात.

आता आनंदाचं. तुमच्या प्रश्नात ‘एवढं सोसून’ असा शब्द आहे. मला तो पटत नाही, कारण त्रास आणि आनंद तिथे वेगवेगळे येत नाहीत. ताशी चार किलोमीटरने चढताना जे दिसतं, ते त्या वेगामुळेच दिसतं. दर दोन-तीनशे मीटरला झाडं बदलतात. देवदार संपतो, मग भूर्ज, मग गुडघ्याएवढी झुडपं, मग फक्त खडकाच्या खाचेत चिकटलेली पिवळी फुलं. गाडीत हा सगळा बदल एका डुलकीत निघून जातो. सायकलवर तो नाकाला कळतो. पहाटेच्या उन्हात रानदवण्यासारख्या झुडपांचा जो वास सुटतो, तो मी दुसरीकडे कुठे घेतलेला नाही.

गाटा लूप्स म्हणून एक चढ आहे, एकवीस वळणांचा. तिथे मी दर वळणावर थांबत होते. एका वळणावर रस्त्याचं काम चाललं होतं. झारखंडमधून, दुमक्याकडून आलेले मजूर, चेहऱ्याला फडकी गुंडाळलेली, डांबराच्या पिंपाखाली आग. त्यांच्यातल्या एकाने काही न विचारता माझ्या सायकलच्या कॅरिअरला हात लावला आणि पुढच्या वळणापर्यंत चालत चालत ढकललं. मला सायकल नुसती चालवताना धाप लागत होती आणि तो माणूस सकाळपासून फावडं मारत होता. मी त्याला शेंगाची पोळी दिली, त्याने अर्धी मोडून खिशात ठेवली, उरलेली तिथेच खाल्ली, आणि विचारलं, यात तीळ आहेत का. दहा मिनिटं आम्ही पोळीबद्दल बोललो. तुम्ही ज्या रस्त्यावरून जाणार आहात तो अशा माणसांनी पाच हजार मीटरवर हाताने केलेला आहे. मोटरसायकलवर असते तर त्यांच्यावर धूळ उडवून गेले असते.

पांगच्या पुढच्या मोरे मैदानाबद्दल सगळे म्हणतात, कंटाळवाणं, चाळीस किलोमीटर नुसतं सपाट. आपल्याला ते तसं वाटणार नाही. नान्नजच्या माळावर माळढोक शोधत फिरलेल्या माणसाची नजर उघड्या माळाला सरावलेली असते. जिथे दुसऱ्याला काही नाही असं वाटतं, तिथे आपल्याला दूरवर हललेला ठिपका दिसतो. तिथले ठिपके म्हणजे कियांग, तिबेटी रानगाढवं. ती बहुधा लगेच पळत नाहीत, उभी राहून आपल्याकडे बघत राहतात.

आणि तंगलंग लावरून उप्शीकडचा उतार. साठेक किलोमीटरमध्ये एकोणीसशे मीटर खाली. वेगाची मजा आहेच, पण माझ्यासाठी त्यातला सगळ्यात मोठा क्षण रुमत्सेचा. इतके दिवस फक्त दगड, बर्फ आणि तंबू. एका वळणानंतर खाली हिरवा तुकडा दिसतो: जवाचं शेत. बांध, पाट, पाटाला पाणी, आणि शेतात वाकलेली बाई. शेत बघून डोळ्यांत पाणी येईल असं मला सोलापुरात बसून कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. ज्वारीच्या गावात वाढलेल्या माणसाला ते गाडीच्या काचेतूनही छान दिसेल, पण दहा दिवस रिकाम्या डोंगरातून पॅडल मारत आल्यावर ते शेत म्हणजे काय हे कळतं.

पामीरकडे वळते. किर्गिझस्तानातल्या ओश शहरापासून, म्हणजे हजार मीटरच्याही खालून, रस्ता चढत सारी-ताशला ३,१७० मीटरवर येतो, आणि तिथे समोर पामीरची भिंत उभी राहते. लेनिन शिखर ७,१३४ मीटरचं. मग किझिल-आर्त खिंडीतून ताजिकिस्तान, काराकुल सरोवर, आणि ४,६५५ मीटरची अक-बैताल खिंड, महामार्गावरची सर्वांत उंच. काराकुल आपल्या लोणारसारखंच उल्कापाताच्या विवरात आहे, फक्त विवर कितीतरी पटींनी मोठं आणि पाणी जवळपास चार हजार मीटर उंचीवर. रस्ता सोव्हिएत काळातला. काही पट्ट्यांत पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडल्या आहेत. त्यावर सायकल दिवसभर थडथडत राहते आणि स्क्रू सुटतात, म्हणून रोज संध्याकाळी कॅरिअरचे सगळे स्क्रू आवळायचे. ताजिकिस्तानच्या व्हिसासोबत गोर्नो-बदख्शान प्रांताचा वेगळा परवाना लागतो, तो व्हिसा काढतानाच घ्या. दोन देशांमधली सीमा काही वर्षं प्रवाशांसाठी बंद होती, तेव्हा तिकीट काढण्याआधी ती खुली असल्याची ताजी खात्री करा.

तिथली कुत्री हा खरा धोका आहे. उन्हाळी कुरणांवर मेंढपाळांची कुत्री मोठी असतात आणि सायकलवर धावून येतात. पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, वाकून दगड उचलल्यासारखं करा. पहाटे सोलापुरात जे करतो तेच, फक्त जास्त शांतपणे. रेबीजची आगाऊ लस जायच्या आधी घ्या, कारण तिथे जवळचा दवाखाना दोन-तीन दिवसांवर असू शकतो.

माणसं मात्र अशी, की त्यांच्यासाठी मी पुन्हा पुन्हा जाते. पामीरमध्ये घराघरांत प्रवाशांना ठेवून घेतात. काराकुलच्या एका घरात संध्याकाळी वाऱ्याने कुडकुडत पोचले. घरधनीणीने आधी काही विचारलं नाही, जमिनीवर जाड गाद्या टाकल्या, आणि वाडग्यात शीर-चाय आणला. दुधाचा चहा, त्यात मीठ आणि लोणी, आणि वर मोडून टाकलेली कालची पोळी. पहिला घोट विचित्र लागतो. दुसऱ्या घोटाला मला दुधात कुस्करलेली कडक भाकरी आठवली आणि वाडगा रिकामा झाला. एकमेकींची भाषा आम्हाला येत नव्हती. मी तिला सोलापुरी नॅपकिन दिला. तिने तो उलटून विणकाम तपासलं, कडेची शिवण नखाने ओढून बघितली आणि मान डोलावली. आपल्याकडची बाई टॉवेल घेताना करते, अगदी तेच. भेट म्हणून असे पाच-सहा नॅपकिन न्या. वजन नाही, उपयोगाचे, आणि आपल्या गावचे. शाकाहारी असाल तर तिथे अडचण होईल. पोळी, अंडी, बटाटा आणि आपली चटणी यांवर दिवस काढावे लागतात.

दोघी बायका म्हणून घरच्यांना जी काळजी आहे ती खोटी नाही. अनुभव सांगते: निर्जन खिंडीत मला कधी भीती वाटली नाही. सावध राहावं लागतं ते मोठ्या शहरांच्या कडेला आणि हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर. अंधार पडायच्या तासभर आधी मुक्काम ठरलेला हवा, आणि तंबू लावायचा तर रस्त्यावरून दिसणार नाही असा, किंवा सरळ एखाद्या घराच्या अंगणात विचारून. पाळी उंचीवर पुढे-मागे होऊ शकते, घाबरू नका. सामान जास्तीचं ठेवा आणि वापरलेलं बांधून खाली आणा. रोज संध्याकाळी घरी निरोप जाईल असं वचन देऊ नका, कारण दार्चाच्या पुढे मोबाइलची रेंज दिवसच्या दिवस नसते. ‘अमुक दिवसापर्यंत निरोप आला नाही तरच काळजी करा’ असं सांगून निघा. घरचे जास्त शांत राहतात.

१९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर करून परतले. ना फोन, ना आजच्यासारखे गिअर. घरात विरोध फार झाला तर हे सांगून बघा; माझ्या वडिलांना ते पटलं होतं.

शेवटी क्रमाचं. पहिल्यांदाच मनाली-लेह करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी शिमल्याहून किन्नौरमार्गे स्पितीत काझापर्यंत जा. रस्ता हळूहळू चढतो, गावं अंतराअंतरावर आहेत, आणि तब्येत बिघडली तर थांबायला छप्पर आहे. काझाला पोचेपर्यंत शरीराला साडेतीन हजारांची सवय होते, मग ४,५५० मीटरच्या कुंझुम खिंडीबद्दल तिथेच ठरवा. तुमच्या मे महिन्याच्या सुट्टीच्या शेवटी निघून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हे बसेल. पावसाळ्यात किन्नौरच्या दरडी वाईट. पुढच्या वर्षी मनाली-लेह, त्यानंतर पामीर.

सायकल न्यायची तर कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरवरूनच दिल्लीला जाते. पार्सल ऑफिसात आदल्या दिवशी जाऊन विचारा, पॅडल काढा, हँडल वळवून बांधा, आणि मागच्या गिअरभोवती जुनी सोलापुरी चादर गुंडाळून पक्की शिवून टाका. खोक्यापेक्षा ती जास्त टिकते, आणि वर गेल्यावर रात्री अंगावर घ्यायला होते.

या रविवारी बॅगांत पंधरा किलो भरून तुळजापूरचा घाट तीनदा चढा. किती वेळ लागला ते कळवू नका. तिसऱ्या चढावर बोलता येत होतं का, तेवढं कळवा. त्यावरून तुमचा गिअर ठरवू.